नगरधनची मोहर

आमच्या शाळेची सहल म्हणजे नागपूर, हे वर्षानुवर्षे ठरलेले. गोंदियाहून सकाळची महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, ताजबागला जाऊन बाबांच्या दर्ग्यावर फातिहा पढायचा, महाराजबागेत मुलांना फिरवायचे, स्टेशनवर संत्री घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. मुलेही खूश, पालकही खूश. मागच्या हिवाळ्यात मात्र आम्ही शिक्षकांनी ठरवले की या वेळी दोन दिवस जायचे. एक दिवस नागपूरचे संग्रहालय आणि जुने शहर, दुसरा दिवस रामटेक, नगरधन आणि मनसर.

“नगरधन? ये कहाँ है?” हा प्रश्न सगळ्यांत आधी आमच्याच शिक्षककक्षात विचारला गेला. त्यात हसण्यासारखे काही नव्हते, कारण उत्तर आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत होते. बी.एड.ला इतिहासाची पाठटाचणे आम्हीही काढली होती. बगदादचे बैतुलहिकमा, कुर्तुबाची मशीद, दिल्लीचा कुतुबमिनार हे सारे आम्हाला तोंडपाठ होते. पण आपल्या गावापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सोळाशे वर्षांपूर्वीची एक राजधानी आहे, तिथल्या राजवटीच्या दुसऱ्या शाखेच्या काळात अजिंठ्याची उत्तम लेणी कोरली गेली, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही शोधले नव्हते. मग ते मुलांपर्यंत पोहोचणार कसे?

संमतिपत्रे घरोघरी गेली आणि चार दिवसांनी एक पालक शाळेत आले. सज्जन माणूस, भाताच्या मिलमध्ये काम करणारा, मुलीला आठवीपर्यंत नेटाने शिकवणारा. म्हणाले, “सर, ताजबागला न्या, आमची ना नाही. पण त्या जुन्या खंडहरांत बुतांशिवाय आहे काय? तो आपला इतिहास आहे का?”

प्रश्न मनापासून विचारलेला होता. तो टाळून चालणार नव्हते. आम्ही त्यांना एवढेच सांगितले की कुरआनात जमिनीवर फिरा आणि आपल्याआधी होऊन गेलेल्या लोकांचे काय झाले ते पाहा, असा आदेश पुन्हापुन्हा आला आहे. पाहणे म्हणजे पूजणे नव्हे. अल-बिरूनीने तर हजार वर्षांपूर्वी इथल्या लोकांना समजून घेण्यासाठी संस्कृत शिकून किताब लिहिली. आम्ही फक्त रामटेकपर्यंत जाणार आहोत. ते हसले आणि सही करून गेले. पण त्यांचा प्रश्न आमच्याबरोबर गाडीत बसला. हा इतिहास आपला आहे का?

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. जुने नागपूरकर त्याला अजूनही ‘अजब बंगला’ म्हणतात. ‘अजब’ हा शब्द उर्दू शाळेच्या मुलांना समजवावा लागत नाही. त्यामुळे नाव ऐकताच ती आत शिरायला उतावीळ झाली. आम्ही त्यांना आधी गुंगेरियाच्या तांब्याच्या वस्तूंबद्दल सांगितले. गुंगेरिया हे बालाघाट जिल्ह्यातले गाव, म्हणजे आमच्या गोंदियाचा शेजार. १८७० साली गुरे चारणाऱ्या पोरांना तिथे जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला. खणल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. तांब्याचे वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचार क्विंटलच्या आसपास. त्यांचा काळ इसवी सनापूर्वी दीड-दोन हजार वर्षे मानला जातो. या साठ्यातल्या बऱ्याच वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही नागपूरच्या या संग्रहालयात आल्या. मुलांना तांब्यापेक्षा ती गुराखी पोरे जास्त आवडली. इतिहास फक्त राजांच्या आणि साहेबांच्या हाताला लागतो असे नाही, हे त्यांना न सांगता कळले.

मग आम्ही लिपीकडे वळलो. वाकाटक राजांचे ताम्रपट ब्राह्मीच्या एका खास वळणात कोरलेले असतात. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकट असते, म्हणून तिला पेटिकाशीर्ष लिपी म्हणतात. आमच्या मुलांच्या वह्या उजवीकडून उघडतात. त्या वह्यांत डावीकडून उजवीकडे ती डोक्यावर पेटी घेतलेली अक्षरे त्यांनी उतरवून घेतली. एका मुलाने विचारले, “उस ज़माने में उल्टी तरफ से कोई नहीं लिखता था?” लिहीत होते. अशोकाच्या काळी वायव्येकडे खरोष्ठी लिपी होती. ती उजवीकडून डावीकडे चाले आणि तिचे नाते अरामी लिपीशी जोडले जाते. आपली उर्दू ज्या अरबी लिपीतून आली, तिचे मूळही त्याच घराण्यात आहे. अशोकाच्या आज्ञा या दोन्ही दिशांनी लिहिल्या गेल्या, हे ऐकून मुले एकमेकांकडे बघायला लागली. आपल्या लिपीचीही या देशाशी इतकी जुनी ओळख आहे, हे त्यांना नवे होते.

दुपारी आम्ही जुन्या शहरात गेलो. नागपूर हीसुद्धा एक राजधानी. पण ती वसवली कोणी, हे विचारले की बहुतेक लोक भोसल्यांचे नाव घेतात. ते खरे नाही. नागपूर वसवले देवगडच्या गोंड राजाने. त्याचे नाव बख्त बुलंद शाह. १६८६ च्या सुमारास तो औरंगजेबाच्या दरबारात गेला आणि त्याने इस्लाम स्वीकारला. पुढे १७०२ च्या सुमारास ‘राजापूर बारसा’ म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी जोडून त्याने नागपूरचा पाया घातला. बख्त बुलंद म्हणजे ज्याचे नशीब उंच आहे असा. हाच राजा नंतर मोगलांविरुद्ध उठला, तेव्हा संतापलेल्या बादशहाने त्याचे नाव बदलून ‘निगून बख्त’, म्हणजे ज्याचे नशीब खाली गेले असा, केले. हे फारसी शब्द आमच्या मुलांना लगेच कळले आणि वर्गात कधी हसत नाहीत इतकी ती हसली. मग एकाने गंभीर होऊन विचारले, “सर, दोनों मुसलमान थे, फिर लड़े क्यों?” राज्यांची भांडणे धर्माने सुरू होत नाहीत आणि धर्माने थांबतही नाहीत, हे समजवायला एरवी आम्हाला एक तासिका लागली असती. इथे राजाच्या दोन नावांनी ते काम केले.

बख्त बुलंदाचा वारस चाँद सुलतान याने राजधानी देवगडहून नागपूरला आणली, गावाला कोट घातला आणि तलाव बांधला. त्या तलावाला लोक जुम्मा तलाव म्हणत. पुढे ‘जुम्मा’चे ‘शुक्रवारी’ झाले आणि त्यानंतर गांधीसागर. जुम्मा दरवाजाही तसाच शुक्रवारी दरवाजा झाला आणि आज तो गांधीगेट आहे. १७३९ मध्ये चाँद सुलतान वारला, वारसाहक्काचा तंटा पेटला, तेव्हा त्याच्या विधवा राणीने, रतनकुंवरने, रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. मदतीला आलेले भोसले इथेच राहिले आणि राज्य हळूहळू त्यांच्या हाती गेले. पण गोंड राजाचे घराणे आणि त्याचा मान त्यांनी राखला. पुढे त्याच भोसले घराण्यातल्या राजे रघुजींनी १९०८ साली बाबा ताजुद्दीन यांना आपल्या वाड्यात आणून ठेवले. म्हणजे दरवर्षी आम्ही ज्या ताजबागला जातो, त्याची वाटही याच इतिहासातून जाते. इतकी वर्षे आम्ही त्या वाटेने गेलो, पण आजूबाजूला पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामटेकचा डोंगर चढलो. तिथे केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही वाकाटक काळातली दगडी मंदिरे आहेत. केवल नरसिंहाच्या मंदिरात एक शिलालेख सापडला असून त्याचा संबंध त्याच राजघराण्याशी जोडला जातो. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशींनी मांडले. डोंगरावरून खाली पाहिले की सपाट शेतीत नगरधन दिसते. हेच जुने नंदिवर्धन, वाकाटकांच्या पूर्व शाखेची राजधानी.

किल्ल्याचा दरवाजा आणि तट पाहून मुलांना वाटले, हीच ती सोळाशे वर्षांपूर्वीची राजधानी. त्यांना सांगावे लागले की आज उभा असलेला किल्ला फार नंतरचा, गोंड आणि भोसल्यांच्या काळातला आहे. जुनी राजधानी त्याच्या आसपास, गावाच्या आणि शेतांच्या पोटात आहे. वाकाटकांनंतरही हे ठिकाण लगेच ओस पडले नाही. इसवी सन ५७३ मध्ये स्वामिराज नावाच्या राजाने याच नंदिवर्धनातून दानपत्र दिल्याची नोंद नगरधनच्या ताम्रपटात आहे. एकाच जागेवर एकामागून एक किती जण येऊन राहिले! नावही लोकांच्या जिभेवर झिजत गेले आणि नंदिवर्धनाचे नगरधन झाले.

२०१५ ते २०१८ या काळात महाराष्ट्र शासनाचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी मिळून नगरधनला उत्खनन केले. मातीची भांडी, काचेची कर्णभूषणे, भाजक्या मातीच्या बांगड्या, जनावरांची हाडे असे पुष्कळ काही मिळाले. त्यातच मातीची एक लंबगोल मोहर, म्हणजे मुद्रेचा ठसा, हाती लागला. वजन ६.४० ग्रॅम, लांबी सुमारे ३६ मिलिमीटर, रुंदी सुमारे २४ मिलिमीटर. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत राणी प्रभावतीगुप्तेचे नाव आहे. मोहरेचा छापील फोटो आम्ही सोबत नेला होता. किल्ल्याच्या तटाच्या सावलीत मुलांना गोल बसवले, फोटो हातोहात फिरवला आणि वजनाचा अंदाज यावा म्हणून प्रत्येकाच्या तळहातावर पाच रुपयांचे नाणे ठेवले. जवळपास तेवढेच वजन.

ही प्रभावतीगुप्ता कोण? गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिची आई कुबेरनागा नाग घराण्यातली. वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याच्याशी तिचे लग्न झाले. राजा तरुणपणीच वारला. मुले लहान होती. तेव्हा पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तिने युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून राज्याचा कारभार हाती घेतला. पुण्यात मिळालेला तिचा ताम्रपट नंदिवर्धनातून, कारभाराच्या तेराव्या वर्षी दिलेला आहे. म्हणजे किमान तेरा वर्षे या गावातून एका विधवेने राज्य चालवले. मुलगा गादीवर आल्यानंतरही तिने स्वतःच्या नावाने दाने दिली. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला मिळालेला ताम्रपट त्याची साक्ष देतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. राजघराण्याच्या ताम्रपटात सुरुवातीला वंशावळ असते. प्रभावतीने तिथे सासरची वंशावळ दिली नाही, माहेरची, म्हणजे गुप्तांची दिली. गोत्रही पतीचे नव्हे, वडिलांचे सांगितले. लग्नानंतरही बाई आपल्या बापाच्या नावाने ओळखली जाऊ शकते, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. निकाहनाम्यात मुलीचे नाव ‘बिन्ते’ म्हणून वडिलांच्या नावासह लिहिले जाते आणि निकाहाने ते बदलत नाही. शरीयतने दिलेला हा हक्क आहे. पण कागदावरचा हक्क आणि घरातला हक्क यांत अंतर पडते, हे आम्ही शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरवर रोज पाहतो.

मुलींना चाँदबीबी माहीत होती. नवरा अली आदिलशाह १५८० मध्ये मारला गेल्यावर तिने विजापुरात लहानग्या इब्राहिमच्या वतीने कारभार पाहिला आणि १५९५-९६ मध्ये मोगल फौजेपुढे अहमदनगरचा किल्ला लढवला, हे त्यांनी भराभर सांगितले. आम्ही म्हटले, प्रभावती तिच्या अकराशे-बाराशे वर्षे आधीची. प्रसंग तोच. नवरा गेलेला, वारस लहान, भोवती संधी शोधणारे लोक, आणि राज्य चालवायला एक बाई. एकीला शंख होता, दुसरीला चाँद. दोघींनाही त्यांच्या धर्माने अडवले नाही.

तेवढ्यात ज्यांनी प्रश्न विचारला होता त्या पालकांची मुलगी फोटो हातात धरून म्हणाली, “सर, इस पे उसका खुद का नाम है? राजा का नहीं?”

“खुद का.”

“तो हुकूम पे वो खुद मोहर लगाती थी?”

आम्ही हो म्हटले. ती बराच वेळ फोटो बघत राहिली. तिची आठवी संपत आली होती. पुढच्या शाळेला रोज सायकलने जावे लागणार, आणि घरात त्यावर बोलणे चालू आहे, हे आम्हाला माहीत होते. तिला काय वाटले ते आम्ही विचारले नाही.

शेवटचा मुक्काम मनसर. हिडिंबा टेकडी नावाने लोक ओळखत असलेल्या टेकडीवर गेल्या शतकाच्या अखेरीस उत्खनन सुरू झाले आणि विटांचे भव्य मंदिर उघडे पडले. ‘प्रवरेश्वर’ असे नाव असलेले मुद्रांचे ठसेही तिथे मिळाले. प्रभावतीचा मुलगा प्रवरसेन दुसरा याने राजधानी नंदिवर्धनाहून प्रवरपूरला नेली. ते प्रवरपूर कोणते, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मिराशींच्या मते ते वर्ध्याजवळचे पवनार, तर काहींच्या मते हेच मनसर. मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत. आमच्या बाजूला, तुमसरहून गाडी जाते त्या तिरोडीलाही खाणी आहेत, आणि प्रवरसेनाचा एक ताम्रपट तिरोडीलाच मिळाला. म्हणजे या राजाचा हुकूम आमच्या दारापर्यंत चालत होता.

हा प्रवरसेन कवीही होता. ‘सेतुबंध’ हे रामकथेवरचे काव्य त्याच्या नावावर आहे आणि ते संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात आहे. मराठीची आजी म्हणावी अशी ती भाषा. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा या प्राकृताच्या वारशाची पुष्कळ चर्चा झाली. पण आमच्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या काव्यावर ‘रामसेतुप्रदीप’ नावाची टीका लिहिली गेली. ती लिहिणाऱ्या रामदासाने आपण हे काम जलालुद्दीन अकबराच्या आज्ञेवरून करत असल्याचे नोंदवले आहे. विदर्भातल्या राजाने मराठीच्या पूर्वज भाषेत लिहिलेले रामाचे काव्य हजार वर्षांनी लोकांना समजावे, अशी इच्छा एका मुसलमान बादशहाला झाली. अकबराला ते आपले वाटले. मग आम्हाला परके का वाटावे?

परतीच्या गाडीत मुले झोपली आणि आम्ही शिक्षक बोलत बसलो. आपल्या समाजात इतिहास म्हटले की दोन टोके दिसतात. काही जण मोगलांपासूनच इतिहास सुरू करतात, काही जण तो सगळाच आपल्याविरुद्ध लिहिलेला म्हणून पुस्तक मिटून ठेवतात. तिकडे दुसऱ्या बाजूला आपल्याला या मातीच्या इतिहासातून वगळू पाहणारेही आहेत. या दोन्हींना उत्तर घोषणांनी देता येणार नाही. ज्या जमिनीवर आपण राहतो, जिचे पाणी पितो, तिची प्रत्येक थराची ओळख करून घेणे, एवढेच खरे उत्तर आहे. नागपूरचा पाया घालणारा बख्त बुलंद आपला आहेच, पण प्रभावतीही आपली आहे, आणि गुंगेरियाची ती गुराखी पोरेही. धर्म आपल्याला पूर्वजांकडून आणि श्रद्धेतून मिळतो. गाव मात्र त्यात आधी राहून गेलेल्या सगळ्यांकडून मिळते.

सहलीनंतर आठवड्याभराने ती मुलगी शाळेच्या कार्यालयात आली. संमतिपत्राचा नमुना तिच्या हातात होता. तिने विचारले, यावर फक्त अब्बांची सही का असते? अम्मीच्या नावाची ओळ का नाही? आमच्याकडे उत्तर नव्हते. नमुना आमच्याआधीपासून तसाच चालत आला होता, आणि तो बदलावा असे आम्हाला कधी सुचले नव्हते. या वर्षीच्या संमतिपत्रावर आम्ही दोन ओळी ठेवल्या आहेत, एक वडिलांची, एक आईची. पुष्कळ आयांनी पहिल्यांदाच शाळेच्या कागदावर स्वतःचे नाव लिहिले. कोणी उर्दूत, कोणी मराठीत, कोणी अंगठा लावून त्याखाली मुलीकडून नाव लिहून घेतले.

आणि ती मुलगी नववीत आहे. सायकल तिच्या वडिलांनीच घेऊन दिली. मध्यंतरी ते बाजारात भेटले, तेव्हा म्हणाले, “सर, धाकटा पुढच्या वर्षी सातवीत जातोय. त्यालाही त्या नगरधनला घेऊन जा.”

आम्ही घेऊन जाणार आहोत. आणि ताजबागलाही.